नख रुतते तेव्हा

(पावसाळ्यापूर्वी वस्तीभेटींना निघणाऱ्या कार्यकर्त्यांपुढे नवी मुंबईत झालेले भाषण)



पुढच्या आठवड्यापासून आपण पनवेल, कर्जत आणि खालापूर तालुक्यांतल्या कातकरी व ठाकूर वाड्यांवर जाणार आहोत. मंडळीतून जमा झालेले जोडे गोण्यांत भरून तयार आहेत. ते वाटण्याआधी पायाच्या अंगठ्याविषयी थोडे बोलू.

नखाची कड बाजूच्या मांसात शिरली, की आपण नख रुतले म्हणतो. आधी दुखते, मग लाली व सूज येते, पुढे पू धरतो. दुखणे लहान दिसते. पण लावणीच्या दिवसांत चिखलात उभे राहता आले नाही तर मजुरी बुडते. दिवाळीनंतर वीटभट्टीवर गेलेल्यांचेही सारे काम पायांवरच असते.

नख रुतते ते बहुधा कोपरे गोल आणि खोल कापल्याने, ठेच लागल्याने किंवा अरुंद जोड्यांमुळे. पाय सतत ओला राहिला की कातडी मऊ पडते आणि कड लवकर आत शिरते.

जोड्यांचे कारण आपल्या हातात आहे. अनवाणी चालणाऱ्यांचा पाय पुढे पसरट असतो. त्याला टोकदार बूट दिला, तर आपण दुखणेच दिले. म्हणून माणसाला कागदावर उभे करून दोन्ही पायांचे माप घ्या. पुढे बोटे हलतील एवढी जागा हवी. बसत नसेल तो जोडा परत आणा. पट्ट्यांची रुंद सँडल बरी.

दुखणे नुकतेच सुरू झाले असेल तर कोमट पाण्यात मीठ घालून दिवसातून 3-4 वेळा, 15-20 मिनिटे पाय बुडवायला सांगा. मग पाय नीट पुसून कोरडा करावा. नख सरळ कापावे, कोपरे राहू द्यावेत. ब्लेडने कोपरा कोरू नये. आत राहिलेला टोकदार तुकडा पुन्हा रुततो. पू, पसरणारी लाली किंवा ताप असेल तर प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा पनवेलच्या उपजिल्हा रुग्णालयात न्या. तेथे अंगठा बधिर करून नखाची रुतलेली कड काढता येते. धनुर्वाताच्या इंजेक्शनबद्दलही विचारा.

ज्याला मधुमेह आहे, किंवा ज्याच्या पायाला स्पर्श कळत नाही, त्याच्यावर घरगुती उपाय करू नका. त्याच दिवशी डॉक्टरांकडे पाठवा. डोळे मिटायला सांगून बोटांना कापूस लावून पाहा. बधिरपणा कुष्ठरोगाचा असू शकतो आणि त्याची औषधे सरकारी केंद्रात मोफत मिळतात. तमिळनाडूतील कोल्ली टेकड्यांवर आदिवासींत सेवा करणाऱ्या मिशनरी दांपत्याचे पुत्र डॉ. पॉल ब्रँड यांनी वेल्लोरला हेच दाखवून दिले: कुष्ठरोग्याची बोटे आपोआप झडत नाहीत, वेदना कळत नाही म्हणून जखमांकडे दुर्लक्ष होते आणि त्या बोटे खातात.

तेव्हा दुखतो म्हणणाऱ्याचा पाय पाहाच. पण जखम असून दुखत नाही म्हणणाऱ्याचा पाय आधी पाहा. वाडीवर गेल्यावर जमिनीवर बसा, पाय हातात घ्या, धुवा, पुसा, नीट बघा. जोडा त्यानंतर द्या.