रुग्णालयातील संगणक-जाळे : सुसंगती आणि सुरक्षितता
(वार्षिक सर्वसाधारण सभेतील भाषण)



देणगीदाराच्या नावाची पाटी ज्यावर लावता येत नाही, अशा एका खर्चाविषयी आज मी बोलणार आहे. तो खर्च संगणकांच्या सुरक्षिततेचा.

धर्मादाय रुग्णालयातील संगणक एकाच वेळी खरेदी केलेले नसतात. कोणी नवे यंत्र देतो, कोणी आपल्या कार्यालयातील वापरलेले देतो. परिणामी विंडोजच्या निरनिराळ्या आवृत्त्या, लिनक्स आणि मॅक एकाच जाळ्यात नांदतात. जुन्या फॉन्टमध्ये टंकलिखित केलेले रुग्णाचे मराठी नाव दुसऱ्या संगणकावर निरर्थक चिन्हे होऊन उमटते आणि अहवाल कोणाचा, हाच प्रश्न उभा राहतो. यास्तव सर्व मराठी नोंदी युनिकोडमध्येच असाव्यात, असा आमचा आग्रह आहे.

दुसरी अडचण अधिक गंभीर आहे. तपासणी यंत्रे दीर्घकाळ टिकतात. परंतु त्यांची आज्ञावली पुष्कळदा जुन्या विंडोजवरच चालते. विंडोज एक्सपीच्या सुरक्षा-दुरुस्त्या एप्रिल २०१४ मध्ये थांबल्या; विंडोज १० ची सर्वसाधारण सेवाही १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. एका यंत्रासाठी ठेवलेला जुना संगणक संपूर्ण जाळ्याला उघडे दार ठरू शकतो.

१२ मे २०१७ रोजी ‘वॉनाक्राय’ने ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेला ग्रासले. इंग्लंडमधील २३६ पैकी किमान ८० आरोग्य-न्यासांच्या कामात व्यत्यय आला, हजारो रुग्णांच्या भेटी रद्द झाल्या. त्यावरील दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने दोन महिने आधीच, मार्चमध्ये, दिली होती. अनेक ठिकाणी ती बसवलेलीच नव्हती. आपल्या देशात नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्सचे पाच सर्व्हर बाधित झाले आणि नोंदणीपासून अहवालांपर्यंतची कामे कित्येक दिवस हाताने करावी लागली. जाळ्याचे योग्य विभाजन नव्हते, हे कारण शासनाने संसदेत सांगितले.

या दोन घटनांवरून आमची शिस्त ठरते. जुन्या यंत्रांचे संगणक स्वतंत्र जाळ्यात ठेवणे आणि त्यांना इंटरनेट न देणे. उर्वरित संगणकांवर दुरुस्त्या वेळच्या वेळी बसवणे. नोंदींची एक प्रत जाळ्यापासून तोडलेली ठेवणे आणि तीवरून नोंदी खरोखर परत मिळतात का, हे पडताळणे. विंडोजसाठी लिहिलेल्या व्हायरसने मॅक सहसा आजारी पडत नाही. परंतु बाधित फाइल पुढे पोहोचवण्याचे काम तो करू शकतो. त्यामुळे ‘आमच्या संगणकाला काही होत नाही’ ही सबब कोणासही नाही. बाहेरचा पेनड्राइव्ह तपासल्याविना जोडू नये, हा नियम डॉक्टरांनाही लागू आहे. आणि संगणक बंद पडल्यास छापील नमुन्यांवर काम चालवण्याचा सराव कर्मचाऱ्यांना हवाच; कारण रक्तगट किंवा औषधाची अॅलर्जी यांची माहिती थांबून राहू शकत नाही.

देणगीदारांस माझी नम्र विनंती आहे. आपण यंत्र द्याल तेव्हा त्याच्या पाच वर्षांच्या देखभालीचाही विचार करावा. जुना संगणक देण्यापूर्वी त्यास दुरुस्त्या मिळतात का, हे आमच्या कार्यालयास विचारावे. आपल्या दानातून आलेले प्रत्येक यंत्र रुग्णाच्या उपयोगी पडावे आणि त्याची माहिती सुरक्षित राहावी, ही जबाबदारी आपणा सर्वांची आहे.