घरचा नाताळ आणि घरांतील बालक
(ज्युबिली महोत्सवप्रसंगीं केलेलें भाषण)



आपल्या धर्मग्रामाच्या ज्युबिलीच्या ह्या मंगल प्रसंगीं चार शब्द बोलण्याची आज्ञा आम्हांस झाली, तेव्हां कोणता विषय घ्यावा असा प्रश्न पडला. आपल्या मंदिराचा इतिहास, येथें सेवा करून गेलेल्या धर्मगुरूंचे उपकार, पूर्वजांचे श्रम, हे विषय आमच्याहून अधिकारी वक्त्यांनीं हाताळिले आहेत. आम्हीं एक साधा, घरगुती विषय निवडिला आहे. लहान मूल असलेल्या मोठ्या कुटुंबानें नाताळ कसा साजरा करावा, हा तो विषय. तो घरगुती खरा. परंतु ज्युबिली ह्या शब्दाशीं त्याचें नातें फार जवळचें आहे, हें आरंभींच सांगणें अवश्य वाटतें.

ज्युबिली म्हणजे केवळ वर्षें मोजून केलेला समारंभ नव्हे. जुन्या करारांतील लेवीय पुस्तकाच्या २५व्या अध्यायांत ५०वें वर्ष पवित्र मानण्याची आज्ञा देवानें इस्राएल लोकांना दिली आहे. त्या वर्षीं शिंग फुंकून मुक्तीची घोषणा व्हावयाची, विकलेली वडिलोपार्जित जमीन मूळ कुळाकडे परत जावयाची, आणि प्रत्येक मनुष्यानें आपल्या कुटुंबाकडे परत जावयाचें. जमीन आणि कुटुंब ह्या दोहोंचा उल्लेख एकाच आज्ञेंत आहे. आपण वसईचीं, वाड्यांतून वाढलेलीं माणसें. जमिनीपायीं कुटुंबें कशीं दुभंगतात हें आपणांस कोणी सांगावयास नको. म्हणून आपल्या माणसांकडे परत जाण्याचें वर्ष, हा ज्युबिलीचा अर्थ मनांत धरून आपण नाताळाकडे पाहूं.

ख्रिस्तजन्माची कथा आपण बहुधा एका लहान कुटुंबाची कथा म्हणून ऐकतों. आई, वडील आणि बाळ, एवढेंच चित्र डोळ्यांपुढें येतें. तथापि शुभवर्तमान लक्षपूर्वक वाचिलें असतां त्यांत नातलगांचा केवढा गोतावळा दिसतो! देवदूताचा निरोप मिळाल्यावर पवित्र मरिया डोंगराळ प्रदेशांत राहणाऱ्या आपल्या नातलग एलिझाबेथकडे त्वरेनें गेली आणि सुमारें ३ महिने तिच्याजवळ राहिली. योसेफ बेथलेहेमास गेला तो दाविदाच्या घराण्यांतला म्हणून. पुढें येशू १२ वर्षांचा असतां सणाहून परततांना यरुशलेमेच्या मंदिरांत मागें राहिला. तो सोबतच्या मेळ्यांत असेल असें समजून आईवडील एक दिवसाची वाट चालून गेले, आणि मग त्यांनीं त्याला नातलगांत व ओळखीच्या लोकांत शोधिलें. संत लूकच्या ह्या लहानशा नोंदींत आम्हांस नाझरेथचें घर दिसतें. ज्या मुलाला काकांजवळ, मावशीजवळ, शेजाऱ्याजवळ निःशंकपणें सोडतां येतें, तें मूल साऱ्या गोताचें असतें. देवाच्या पुत्रानेंही असेंच गोत पत्करिलें.

गेल्या नाताळांत आमच्या घरांतील चार वर्षांच्या मुलीनें गोठ्यासमोर उभें राहून एक प्रश्न विचारिला. आई आहे, बाबा आहेत, बैल आहे, गाढव आहे, मेंढपाळ आहेत, राजेसुद्धां आहेत. मग बाळाचे आजीआजोबा कोठें आहेत? कोणी म्हणालें, "तीं दूर गांवीं राहिलीं." तिनें लागलीच विचारिलें, "मग त्यांना कोणी आणिलें कां नाहीं?" मोठीं माणसें हंसलीं, परंतु त्या प्रश्नाला उत्तर देणें मोठ्यांचें कर्तव्य आहे असें आम्हांस वाटतें.

प्रभूच्या आजीआजोबांचीं नांवें शुभवर्तमानांत नाहींत. प्राचीन परंपरेनें तीं संत योआकिम आणि संत अन्ना अशीं जपून ठेविलीं आहेत, आणि ख्रिस्तसभा २६ जुलै रोजीं त्यांचा सण पाळते. त्या सणाजवळचा जुलैचा चौथा रविवार पोप फ्रान्सिस ह्यांनीं २०२१ सालीं आजीआजोबांचा व वृद्धांचा दिवस म्हणून ठरवून दिला. शिवाय बाळ येशूला मंदिरांत नेलें तेव्हां वृद्ध शिमोनानें त्याला हातांवर घेतलें आणि वयोवृद्ध विधवा हन्नेनें त्याच्याविषयीं साऱ्यांना सांगितलें. बाळाला उचलून घेणें आणि त्याची गोष्ट इतरांना सांगणें हीं दोन कामें त्या दिवशीं वृद्धांकडे आलीं. आपल्या घरांतही हीं कामें त्यांचींच आहेत.

गोठ्याच्या रूढीकडे पाहिलें तरी हेंच दिसतें. १२२३ सालीं असिसीच्या संत फ्रान्सिसनें इटलींतील ग्रेच्चो गांवीं नाताळच्या रात्रीं गव्हाण मांडविली. तेथें गवत होतें, खरा बैल आणि खरें गाढव होतें. मूर्ति मात्र नव्हत्या. मशाली घेऊन भोंवतीं जमलेले गांवकरी, म्हातारेकोतारे आणि मुलेंबाळें हींच त्या देखाव्यांतील पात्रें झालीं. म्हणून त्या मुलीला द्यावयाचें उत्तर असें: गोठ्यापुढें जी रिकामी जागा दिसते ती तुझ्या आजीआजोबांची, काकाकाकूंची, आत्याची, मामांची आणि तुझी आहे. आपण सर्वांनीं येऊन ती भरावयाची आहे.

आतां ती भरावयाची कशी, ह्याविषयीं कांहीं व्यावहारिक गोष्टी सांगतों.

पहिली गोष्ट अशी कीं, मुलाला सणांत काम द्यावें. गोठ्याभोंवतीं हिरवळ दिसावी म्हणून आपण आठदहा दिवस आधीं नाचणी किंवा गहूं पेरितों; त्यांना पाणी घालण्याचें काम मुलाचें असावें. आगमनकाळांत गव्हाण रिकामी ठेवावी आणि २४ डिसेंबरच्या रात्रीं घरांतील सर्वांत लहान मुलानें बाळ येशूची मूर्ति तींत निजवावी. फराळाचेंही तसेंच आहे. दोदोलाची कढई ढवळणें हें दणकट हातांचें काम. नारळाचा रस, गूळ आणि तांदळाचें पीठ आटत जातें तसें उलथनें जड होतें, आणि काका-काकू पाळीपाळीनें हात लावितात. कुलकुल मात्र लहान बोटांना जमतात. पिठाची बोराएवढी गोळी काट्याच्या किंवा स्वच्छ कंगव्याच्या दात्यांवर दाबून वळविली कीं शंखासारखी गुंडाळी होते. मुलाची गुंडाळी वांकडी होईल. ती तशीच तळावी आणि पाहुण्यांपुढें मानानें ठेवावी. त्या तासाभरांत आजीच्या तोंडून जी गोष्ट मुलाच्या कानीं पडते, ती त्याला जन्मभर पुरते.

दुसरी गोष्ट देणग्यांची. आज सांताक्लॉज ह्या नांवानें प्रसिद्ध असलेली व्यक्ति मूळची चौथ्या शतकांतील मायरा नगरचे बिशप संत निकोलस ह्यांच्यावरून आली. त्यांचा सण ६ डिसेंबरला येतो. गुप्तपणें दान करणारे म्हणून परंपरा त्यांचें स्मरण करते. मोठ्या कुटुंबांत दहा ठिकाणांहून दहा खेळणीं येतात आणि संध्याकाळपर्यंत त्यांतलीं निम्मीं मोडतात. त्याऐवजीं सर्वांनीं मिळून एकच वस्तु द्यावी. आणि मुलाच्या हातूनही एक वस्तु गुप्तपणें कोणा गरजूस पोहोंचवावी, हें अधिक शोभेल.

तिसरी गोष्ट मिस्सेची. लहान मुलाला रात्रीच्या मिस्सेंत झोंप येणारच. त्याला आत्याच्या मांडीवर झोंपूं द्यावें, किंवा सकाळच्या मिस्सेला न्यावें. मुलाच्या झोंपेवरून सणाच्या रात्रीं घरांत चिडचिड होऊं नये. गोठ्यांतील बाळही झोंपलेलेंच असतें.

कित्येकांचीं मुलें व नातवंडें आज कॅनडांत, ऑस्ट्रेलियांत, आखाती देशांत आहेत. पवित्र कुटुंबानेंही मिसर देशांत परक्यांमध्यें दिवस काढिले. मोबाईलच्या पडद्यावर आजीचें तोंड दिसतें हा मोठा दिलासा आहे. पण केवळ "मेरी ख्रिसमस" म्हणून तो बंद करूं नये. आजीनें तिकडच्या नातवाला एक प्रार्थना आपल्या बोलींत शिकवावी, आणि नातवानें ती म्हणून दाखवावी.

आतां एक कठीण गोष्ट बोलतों. नाताळच्या दिवशीं आपण फराळाचीं ताटें झांकून घरोघर धाडितों. दिवाळीला ज्यांचा फराळ आपल्याकडे येतो त्या हिंदु शेजाऱ्यांकडेही तीं जातात, आणि ही रीत आपल्या गांवाचें भूषण आहे. परंतु कोणाच्या ना कोणाच्या घरून असें एखादें दार असतें, जेथें ताट जात नाहीं. आणि तें बहुधा सख्ख्या भावाचें असतें. कारण जुनें असतें: वाटणीचा बांध, विहिरीचें पाणी, विकलेल्या वाडीचा पैसा. आपण मुलांना ह्याविषयीं कांहीं सांगत नाहीं. तरीही चार वर्षांच्या मुलाला तें कळतें. ताटें कोठें जातात आणि कोठें जात नाहींत, हें पाहून मूल आपलें कोण आणि परकें कोण हें शिकतें. अशा रीतीनें एका पिढीचें वैर दुसऱ्या पिढीच्या हातीं जातें, आणि तेंही ख्रिस्तजन्माच्या दिवशीं!

आमच्या कुळांतही असें एक दार बरींच वर्षें बंद होतें. ज्या मुलीनें तो प्रश्न विचारिला, तिचा हात धरून तिचे आजोबा नाताळच्या दुपारीं आपल्या धाकट्या भावाच्या ओटीवर गेले. ताट मुलीच्या हातीं होतें. फारसें बोलणें झालें नाहीं. धाकट्या आजोबांनीं ताट आंत नेलें आणि परत देतांना त्यांत आपल्या वाडीचीं केळीं ठेविलीं. दोघां भावांमधील दावा आजही चालूं आहे. तो न्यायालय पाहील. परंतु ताट रिकामें परत आलें नाहीं, आणि त्या मुलीला आपलें आणखी एक घर आहे हें कळलें.

कोणी म्हणेल, आमच्या बाबतींत दार उघडलें नाहीं तर? ताट ओट्यावर ठेवून शांतपणें परत यावें आणि पुढील वर्षीं पुन्हा न्यावें. बेथलेहेमांत जागा मिळाली नाहीं म्हणून प्रभूनें जन्म घेण्याचें टाळिलें नाहीं.

बंधुभगिनींनो, ह्या वसईंत श्रद्धा टिकली ती कशी, ह्याचा विचार करा. १७३९ सालीं वसईचा किल्ला चिमाजी अप्पांच्या सैन्यानें घेतला व पोर्तुगीज सत्ता संपली. पुढें इंग्रज आले व तेही गेले. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें १९६३ सालीं उपासनेंत लोकभाषेची वाट मोकळी केली. तत्पूर्वीं मिस्सा लॅटिन भाषेंत होत असे. साष्टींत राहून फादर थॉमस स्टीफन्स ह्यांनीं रचिलेलें व १६१६ सालीं छापलेलें क्रिस्तपुराण मराठींत होतें खरें. पण पुस्तक वाचतां येणारे थोडे होते. मग बाळ येशूची गोष्ट मुलांना कोणी सांगितली? धर्मगुरूंच्या बरोबरीनें ती आजीनें सांगितली, आत्यानें सांगितली, दिव्याभोंवतीं जपमाळेला बसलेल्या साऱ्या घरानें सांगितली. घर मोडलें तर ही शाळाच बंद पडेल. आपलें मंदिर कितीही सुंदर झालें, तरी तिची जागा तें एकटें भरून काढूं शकणार नाहीं.

म्हणून आमची विनंती इतकीच. ज्युबिलीच्या ह्या वर्षांत प्रत्येक कुटुंबानें एका बंद दाराशीं एक ताट न्यावें, आणि तें लहान मुलाच्या हातीं द्यावें. मोठ्यांना जें बोलणें जड जातें, तें मुलाचे हात सहज करितात.

बाळ येशू, पवित्र मरिया आणि संत योसेफ आपल्या घरांस शांति देवोत, वृद्धांस दीर्घायुष्य व मुलांस सद्बुद्धि देवोत, आणि पुढील नाताळांत आपल्या गोठ्यांपुढें कोणाचीही जागा रिकामी न राहो, हीच प्रार्थना. आमेन.