हृदयविकार आणि लांबचा पल्ला
(मंडळाच्या सभेत दिलेल्या व्याख्यानाचा सारांश)



घरातील कर्त्या माणसाला हृदयविकार असल्याचे कळले की दोहोंपैकी एक गोष्ट घडते. एक तर घरची मंडळी त्याला जिना चढू देत नाहीत, भाजीची पिशवीही उचलू देत नाहीत. नाही तर ‘मला काहीच झालेले नाही’ असे म्हणून तो स्वतःच पूर्ववत् धावपळ सुरू करतो. या दोहोंमधला मार्ग कोणता, एवढाच आजचा विषय आहे.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हृदयविकाराच्या झटक्यानंतर रुग्णास कित्येक आठवडे अंथरुणावर निजवून ठेवीत. वास्तविक विल्यम हेबर्डेन या इंग्रज वैद्याच्या १८०२ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात, रोज अर्धा तास लाकडे करवतणारा एक हृच्छूलाचा रुग्ण जवळजवळ बरा झाल्याची नोंद आहे. तिचे मर्म उमगण्यास दीड शतक लोटले. १९५२ साली अमेरिकेतील लेव्हाइन व लाउन या डॉक्टरांनी रुग्णांना अंथरुणातून उठवून खुर्चीत बसविण्याचा पुरस्कार केला. १९५५ साली अध्यक्ष आयझेनहॉवर यांना झटका आला, डॉ. पॉल डडली व्हाइट यांनी त्यांना क्रमाक्रमाने हिंडूफिरू दिले, आणि १९५६ साली ते पुन्हा निवडून आले. पुढे १९७३ साली टोरांटोचे डॉ. टेरेन्स कॅव्हनॉ यांच्या, झटका येऊन गेलेल्या सात रुग्णांनी बोस्टनची ४२ किलोमीटरांची मॅरेथॉन शर्यत पुरी केली!

यामागील कारण समजून घेण्यासारखे आहे. नियमित व्यायामाने स्नायू रक्तातील प्राणवायू अधिक प्रमाणात वापरू लागतात. त्यामुळे तेवढ्याच श्रमाला हृदयाचे ठोके कमी पडतात. अरुंद रोहिणी बहुधा अरुंदच राहते, पण हृदयावरील भार हलका होतो. मात्र हे साधते ते महिनोन्‌महिन्यांच्या सरावाने. आधी सावकाश चालणे, मग भरभर चालणे, आणि डॉक्टरांची अनुज्ञा असेल तरच मंद धाव. छातीत दुखू लागले की तत्क्षणी थांबावयाचे.

याची दुसरी बाजूही ध्यानी घ्यावी. धावण्याचा छंद अमेरिकेत लोकप्रिय करणारे ग्रंथकार जेम्स फिक्स १९८४ साली, वयाच्या ५२ व्या वर्षी, धावतानाच निवर्तले. शवचिकित्सेत त्यांच्या हृदयाच्या रोहिण्या फार चोंदलेल्या आढळल्या. त्यांचे वडील हृदयविकारानेच ४३ व्या वर्षी गेले होते. सारांश, धावणे हे तपासणीला पर्याय होऊ शकत नाही. शिवाय हृदयविकार अनेक प्रकारचे असतात. हृदयाचे स्नायू उपजत जाड होण्याच्या विकारात शर्यतीची ईर्षा प्राणावर बेतू शकते. म्हणून ‘धावू का?’ असे विचारण्यापूर्वी ‘माझा विकार नेमका कोणता?’ हे डॉक्टरांना विचारावे.

आपण सारे परप्रांतात राहणारे. आजारपणात शेजारी आणि मंडळ हेच आपले गणगोत. आपल्यातील एखादा सभासद इस्पितळातून घरी आला, तर केवळ फळे देऊन परतू नका. डॉक्टरांनी त्याला चालण्याची मुभा दिली असेल, तर पहाटे त्याच्या दाराशी उभे राहा आणि त्याच्या पावलाने चाला. एकट्याला वाटणारी भीती सोबतीने कमी होते.