निसर्गशिक्षण केंद्रास साहाय्य : शिक्षकांचा वाटा



१८८३ साली मुंबईत आठ गृहस्थांनी एकत्र येऊन ‘बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी’ स्थापिली. प्रार्थना समाजाचे एक संस्थापक डॉ. आत्माराम पांडुरंग आणि वनस्पतींचे व्यासंगी डॉ. सखाराम अर्जुन हे त्यांपैकी दोघे. संस्थेस स्वतःची जागा नव्हती. पुढील वर्षी हर्बर्ट फिप्सन यांनी आपल्या मद्याच्या दुकानातील जागा दिली, तेव्हा कुठे संग्रहास आसरा मिळाला! देणगी म्हणजे रोख रक्कमच असे नव्हे, हे येथेच ध्यानात यावे.

विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात याच संस्थेच्या दारात एक लहान मुलगा मेलेली चिमणी घेऊन बिचकत उभा राहिला. चिमणीच्या गळ्यावर पिवळा डाग होता. तो का, हे घरी कोणासच सांगता येईना. मामांनी चिठ्ठी देऊन त्यास पाठविले होते. संस्थेचे चिटणीस मिलर्ड यांनी त्यास हाकलले नाही. पक्षी पिवळ्या कंठाचा आहे असे सांगून त्यांनी कपाटांचे खण एकामागून एक उघडले, पेंढा भरलेले पक्षी दाखविले आणि वाचावयास पुस्तके दिली. तो मुलगा म्हणजे डॉ. सलीम अली. १९४१ साली त्यांचा भारतीय पक्ष्यांवरील सुप्रसिद्ध ग्रंथ याच संस्थेने प्रकाशित केला.

त्या दिवशी ती कपाटे तेथे होती, याचे कारण कित्येक सभासदांनी वर्षानुवर्षे वर्गणी भरली होती. कोणत्या मुलासाठी आपण पैसे देत आहोत, हे त्यांपैकी कोणासही ठाऊक नव्हते.

आज मुंबईत गोरेगाव येथे, संजय गांधी राष्ट्रीय उद्यानास लागून, या संस्थेचे निसर्गशिक्षण केंद्र आहे. तेथे मुलांना रानवाटेने हिंडवून झाडे, फुलपाखरे व पक्षी ओळखावयास शिकविले जाते. अशा कोणत्याही केंद्राचा खर्च इमारतीपेक्षा माणसांवर अधिक असतो. इमारतीवर दात्याच्या नावाची पाटी बसते, म्हणून तिला दाते मिळतात. मार्गदर्शकाच्या वेतनावर पाटी बसत नाही. यास्तव एकदाच दिलेल्या मोठ्या रकमेपेक्षा दरवर्षी नियमाने पाठविलेली अल्प रक्कम अशा संस्थेस पुष्कळदा अधिक उपयोगी पडते.

शाळेत खडूची चणचण असता दूरच्या संस्थेस पैसे का द्यावेत, असा प्रश्न येईल, आणि तो रास्त आहे. शाळेची गरज आधी भागवावी. जवळपास असे केंद्र असेल तर प्रथम त्यास द्यावे. परंतु शतकाहून अधिक काळ जपलेला संग्रह एकट्या गावास उभा करता येत नाही, तो अनेकांनी मिळूनच सांभाळावा लागतो. मात्र विद्यार्थ्यांकडून सक्तीने एक पैसाही घेऊ नये. वर्गात देणाऱ्यांची नावे वाचून दाखविणे हीसुद्धा सक्तीच होय. शिक्षकांनी स्वतः द्यावयाचे असल्यास संस्थेची नोंदणी पाहावी व पावती घ्यावी. प्राप्तिकरातील सवलतीच्या आशेवर राहू नये. नव्या करपद्धतीत ती मिळत नाही.

खेड्यातील शाळेस पैशावाचूनही देता येण्याजोगे काही आहे. ही संस्था पक्ष्यांच्या पायांत क्रमांक कोरलेली कडी अडकविते. त्यावर संस्थेस कळविण्याची सूचना असते. असा पक्षी तळ्याकाठी वा शेतात मेलेला आढळतो तो गुराख्यास किंवा शाळकरी पोरास. पुष्कळदा ते कडे खेळण्यात हरवते, आणि पक्षी कोठून कोठवर आला याचा पुरावा नाहीसा होतो. शिक्षकाने मुलांस हे अगोदर सांगून ठेवावे. मेलेल्या पक्ष्यास हात लावू देऊ नये; क्रमांक स्वतः पाहून उतरवून घ्यावा. पक्षी जिवंत असल्यास कडे काढू नये, क्रमांक दिसला तर तेवढा टिपावा. स्थळ आणि तारीख लिहून ते पत्र त्याच आठवड्यात संस्थेकडे रवाना करावे.