शरीरातील दाह, व्यायाम आणि पूरक गोळ्या
(राणीसावरगाव येथील ज्ञातिमेळाव्यात दिलेले व्याख्यान)



पायात काटा मोडला म्हणजे ती जागा लाल होते, सुजते, ठणकते. हा दाह शरीराचा पहारेकरी होय. काम संपताच तो माघारी फिरतो. परंतु पोटावरील चरबी वाढली व हालचाल खुंटली म्हणजे हाच दाह मंद आचेसारखा वर्षानुवर्षे धुमसत राहतो. वरून काही दिसत नाही. मात्र मधुमेह आणि हृदयविकार यांना तो हातभार लावतो. आज गंगाखेडच्या बाजाराला मोटारसायकलीवाचून कोणी निघत नाही, आणि हळदीच्या अर्काच्या गोळ्या आणल्या म्हणजे झाले, अशी समजूत पसरत आहे.

हळद आपल्या घरचीच. जिच्या हळदीचा एवढा लौकिक आहे, ती वसमत १९९९ पर्यंत आपल्याच जिल्ह्यात होती. जखमेवर हळद लावण्याचे अमेरिकेने १९९५ साली दिलेले पेटंट डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या पुढाकाराने १९९७ साली रद्द झाले, याचा अभिमान अवश्य बाळगावा. तथापि हळदीतील कुर्क्युमिन हे दाहशामक द्रव्य शेकडा सुमारे तीनच असते, व तेही रक्तात फारसे उतरत नाही. ते उतरावे म्हणून गोळ्यांत मिऱ्याचा अर्क घालतात. आणि अशा तीव्र गोळ्यांनी यकृतास इजा झाल्याच्या नोंदी आहेत. भाजीतील चिमूटभर हळदीची गोष्ट निराळी.

आता व्यायामाकडे वळू. भराभर चालताना मांड्यांचे स्नायू इंटरल्युकिन-६ नावाचे द्रव्य रक्तात सोडतात. त्याच्या मागोमाग दाहास आवर घालणारी दुसरी द्रव्ये वाढतात. हा कारखाना बसल्या जागी चालत नाही.

जर्मनीतील संशोधकांनी २००९ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. तरुणांकडून चार आठवडे व्यायाम करविला. निम्म्यांना रोज क जीवनसत्त्व १००० मिलिग्रॅम व ई जीवनसत्त्व ४०० एकक दिले. व्यायामामुळे इन्सुलिनचे कार्य सुधारते. ती सुधारणा गोळ्या न घेणाऱ्यांतच दिसली! श्रमाचा थोडासा ताणच शरीरास धडा देत असतो. गोळ्यांनी जणू फळाच पुसून टाकला. पैसे गेले ते वेगळेच.

शेतात राबणाऱ्यांस हे सांगणे नलगे. दुकानात बसणाऱ्यांनी व आम्हा निवृत्तांनी आठवड्यास १५० मिनिटे भराभर चालावे; मधुमेहाचे औषध चालू असल्यास डॉक्टरांस विचारून आरंभ करावा. सुनेने सायंकाळी फिरावयास जाणे काही घरांत अजून बरे दिसत नाही. त्या घरच्या वडीलधाऱ्यांनी उद्यापासून तिलाही सोबत घेऊन निघावे, एवढी माझी विनंती आहे.