चंद्रापर्यंतची पायी वाट



आपल्या दिंडीला 100 वर्षं झाली. आळंदी ते पंढरपूर वाट सुमारे 250 किलोमीटरची. शंभर वर्षांची चाल एकापुढं एक मांडली, तर 25,000 किलोमीटर भरते. चंद्र आहे 3,84,000 किलोमीटरवर. म्हणजे शंभर वर्षं चालूनही त्या वाटेचा पंधरावा हिस्सासुद्धा सरत नाही! सूर्य तर 15 कोटी किलोमीटर लांब.

1990 साली व्हॉयेजर यानानं सूर्याच्याही पुष्कळ पलीकडून, सुमारे 600 कोटी किलोमीटरवरून, पृथ्वीचा फोटो काढला. त्यात पृथ्वी दिसते मोहरीहून बारीक, फिकट ठिपक्यासारखी. त्या ठिपक्यातच आपली चंद्रभागा, आपलं शिवार, अन् बांधावरून कोर्टात गेलेले सख्खे भाऊही.

एवढ्या पसाऱ्यात जीव नांदतोय असं ठिकाण आजवर हे एकच सापडलंय. मग माऊली, वीणा कुणाच्या गळ्यात, पुढं कोण, मागं कोण, यावरून रुसवे कशाला? दिंडीत लहानथोर न बघता आपण एकमेकांच्या पाया पडतो. आकाशाच्या मापानं सगळेच सारखे लहान. पण एवढ्याशा माणसालाही शेजारच्याला घोटभर पाणी देता येतं. तेवढं घडलं, की वारी पोचली.

रामकृष्णहरी!