एका घराची वाटणी





निर्वासितांसाठी झटणाऱ्यांच्या या परिषदेसाठी व्हिएतनामी कुटुंबांच्या ताटातुटीचा विषय ठरला, तेव्हा ‘इतक्या दूरचा कशाला?’ असं काहींनी विचारलं. तो तितका दूरचा नाही. व्हिएतनामची उत्तर-दक्षिण विभागणी करणाऱ्या १९५४च्या जिनिव्हा करारावर देखरेख ठेवणाऱ्या आयोगाचं अध्यक्षपद भारताकडे होतं. उत्तरेकडची लाखो माणसं घरदार सोडून दक्षिणेत गेली, ती आपल्या अधिकाऱ्यांच्या डोळ्यांदेखत.

३० एप्रिल १९७५ला दक्षिणेची राजधानी सायगाव उत्तरेच्या हाती पडलं. तिथून निसटून अमेरिकेत पोचलेल्या सव्वा लाखाच्या आसपास माणसांची रवानगी लष्करी तळांवरच्या चार छावण्यांत झाली. तिथून सुटायला बहुतेकांना प्रायोजक लागे, आणि दहा-बारा जणांचं खटलं पदरी घेणारा प्रायोजक विरळाच. त्यातून निर्वासितांना देशभर पांगवायचं हे सरकारचं धोरणच होतं. मग आजी एका राज्यात, थोरला मुलगा दुसऱ्या. पुढे होड्यांतून निघालेल्यांची वाटणी तर देशादेशांत झाली. मलेशियाच्या पुलाउ बिडाँग बेटावरून कुणी कॅनडाला गेलं, कुणी ऑस्ट्रेलियाला, कुणी फ्रान्सला.

या ताटातुटीचं मूळ मला निर्वासितांच्या पुनर्वसनाच्या अर्जात दिसतं. अर्जावरचं कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि अविवाहित मुलं. पितरांची पूजा थोरल्या मुलाने करायची, अशी रीत असलेल्या घरात म्हातारे आईवडील आणि लग्न झालेला मुलगा वेगळे कसे काढणार?

मे १९७९मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित उच्चायुक्तालयाने व्हिएतनाम सरकारशी समझोता केला आणि रीतसर बाहेर पडण्याची वाट उघडली. त्या वाटेने सहा लाखांहून अधिक माणसं गेली. ते काम फार मोठं आहे. पण सुरुवातीला व्हिएतनामची यादी वेगळी, अमेरिकेची वेगळी. दोन्हींत नाव असेल त्यालाच विमान. आणि वाट पाहता पाहता मुलीचं लग्न झालं, की ती ‘अविवाहित मुलां’तून बाद!

कित्येकांनी मग स्वतःच मार्ग काढला. नेमून दिलेलं गाव सोडून ती कॅलिफोर्नियातल्या ऑरेंज काउंटीत आपल्या माणसांजवळ राहायला गेली.

मित्रहो, माझं कळकळीचं मागणं एकच आहे. आधी पांगवायचं आणि मग वर्षानुवर्षं शोधत बसायचं, हे थांबवा. ‘तुमचं आणखी कोण कोण आहे?’ हा प्रश्न देश ठरवण्यापूर्वी विचारा. हे मागणं नवं नाही. १९५१चा निर्वासित करार संमत करणाऱ्या परिषदेने कुटुंब एकत्र राखण्याची शिफारस केली होती. कराराच्या कलमांत मात्र ती उतरली नाही. उद्याच्या सत्रात अर्जाच्या नव्या मसुद्यावर चर्चा आहे. प्रतिनिधींनी आपापल्याकडचे अर्ज आज संध्याकाळपर्यंत कार्यालयात द्यावेत.

आता उद्घाटकांनी परिषदेचं उद्घाटन करावं, अशी मी त्यांना विनंती करते.